कडाप्प्याच्या कट्ट्यात हॉब बसवायची आहे, टाकी कुठे ठेवू?

तासगावकर
घर तासगावला. पाइपचा गॅस नाही, १४.२ किलोची टाकीच. जुना कट्टा कडाप्प्याचा, २४ इंच रुंद. त्यात तीन बर्नरची काचेची हॉब (दगड कापून कट्ट्यात बसवायची शेगडी) बसवायची आहे. टाकी खालच्या ट्रॉलीच्या कपाटात ठेवू की मागच्या बोळात? फरशीवाला म्हणतो, आधी भोक मारून ठेवतो, हॉब नंतर आणा. चालेल का?

मिरज_फिटर
नाही चालणार. हॉब घरात आल्याशिवाय दगडाला ब्लेड लावू देऊ नका. प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं असतं, खोक्यात कागदी साचा किंवा मापाचं चित्र येतं, त्यावरूनच आखायचं.

कडाप्पा थरांचा दगड आहे, ग्रॅनाइटपेक्षा लवकर कपरे उडतात. चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोक, मग त्या भोकांपर्यंत काप. कोपरा काटकोनात कापला की तिथूनच तडा निघतो, कधी लगेच तर कधी दोन महिन्यांनी. पुढच्या बाजूला किमान दोन इंच पट्टी राहायला हवी, आणि तिच्याखाली लोखंडी अँगल द्या. स्वयंपाक करताना माणूस टेकतो तो नेमका त्याच पट्टीवर.

काचेखाली हॉबसोबत आलेली फोमची पट्टी लावा. फरशीवाल्यांना सिलिकॉनचा फार सोस. त्याने चिकटवली की पुढे दुरुस्तीला हॉब उचलताना काच फुटते.

बिल ठेवा, आणि हॉबच्या खालच्या बाजूचं लेबल वाचा. एलपीजी लिहिलेलं हवं. पाइपच्या गॅसच्या हॉबमध्ये जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं असतं. त्यावर टाकी जोडली तर ज्योत पिवळी, उंच, आणि भांड्यांना काजळी.

कराडचा_गॅसवाला
दगडाचं वर आलंच आहे. खरी गडबड होते ती खालच्या कपाटात.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळाला तर वर जात नाही, कपाटाच्या तळाशी साचतो, आणि दार घट्ट बंद असेल तर वासही उशिरा येतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी, अगदी जमिनीलगत, जाळी हवीच. एक वरही द्या. फक्त वर जाळी देणारे सुतार आहेत, त्याचा उपयोग नाही.

टाकी उभीच, आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीला. नळी आयएसआय छापाची सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नाही. तिच्यावर साल छापलेलं असतं, पाच वर्षांत बदलायची. कपाटाच्या फळीतून न्यायची तर भोक मोठं ठेवून कडा घासून घ्या, नाहीतर प्लायची धार रबर कापते. हॉबच्या तळाला ती टेकता कामा नये, तिथे चांगलीच गरम होते. ड्रॉवरच्या मागून तर बिलकूल नको. ड्रॉवर आपटून आपटून नळी चेमटते आणि दिसतही नाही.

नळी नोझलवर, म्हणजे ती जिथे चढते त्या तोंडावर, शेवटपर्यंत ढकला. जात नाही म्हणून काडीने तापवून किंवा तेल लावून बसवू नका.

मग साबणाचं पाणी. बटणं बंद, रेग्युलेटर चालू, आणि टाकीचा व्हॉल्व्ह, नळीची दोन्ही टोकं, हॉबचा एल्बो (नळी जोडायचा वाकडा तुकडा) या सगळ्यांवर फेस लावा. बुडबुडा वाढत गेला तर गळती. काडी लावून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना स्वयंपाकघरात शिरू देऊ नका.

तासगावकर
सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. बोळातच ठेवली तर? भिंतीतून नळी काढता येईल का?

कराडचा_गॅसवाला
रबरी नळी भिंतीतून कधीच नाही. आत काय झालंय ते दिसत नाही. बोळात टाकी म्हणजे तांब्याचा पाइप, भिंतीत संरक्षक नळकांड्यातून, बाकी सगळा उघडा, क्लॅम्प लावून, आणि हॉबजवळ हाताला येईल असा व्हॉल्व्ह. हे एजन्सीला कळवून त्यांच्या माणसाकडूनच करा. पाइप बारीक घेतला तर तिन्ही बर्नर एकदम लावल्यावर ज्योती मलूल होतात. टाकी गटार, नहाणी किंवा खड्ड्याजवळ नको, गॅस तिकडेच वाहतो. ऊन लागणार नाही अशी जागा बघा.

एवढी यातायात नको असेल तर जाळीचं कपाट बरं.

मिरज_फिटर
एक राहिलं. हॉबला ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी सोय असेल, तर बटण दाबून पेटवल्यावर तीन-चार सेकंद दाबूनच धरा. छोटी सुई तापून तिची वीज आतला व्हॉल्व्ह धरून ठेवते. सोडताच विझत असेल तर हॉब खराब आहे म्हणून परत नेऊ नका. आधी सुईवरची काजळी, उतू गेलेलं दूध पुसा, आणि बर्नरची टोपी खाचेत बसलीय का बघा. बहुतेकदा धुतल्यावर टोपी तिरकी ठेवलेली असते.

आणि लायटरचा सेल हॉबखाली असतो, ट्रॉली बसवताना तिथे हात जाईल एवढी जागा सोडायला सुताराला सांगा.

गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि १९०६ या गॅस गळतीच्या मदत क्रमांकावर फोन.