मदत हवी आहे : रोजच्या झिंकच्या गोळीमुळे पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात का?

नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या असून पूर्ण शाकाहारी आहेत; मधुमेह नाही. दिवाळीपासून त्यांना चार वेळा सर्दी-ताप आला, तोंड तर सारखेच येते आणि दोन महिन्यांपासून तळपायांना मुंग्या येतात. मागच्या तापात केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन 9.6, पांढऱ्या पेशी 2,900 (त्यांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, 32 टक्के), बी-12 210, ड जीवनसत्त्व 14 आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) 84 आले.

डॉक्टरांनी बी-12 च्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक साठ हजारांची पुडी लिहून दिली. पांढऱ्या पेशींबद्दल विचारले, तेव्हा 'वयोमानाने होते' एवढेच उत्तर मिळाले.

नंतर औषधांचा डबा आवरताना मला झिंकच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत शेजारणीने सांगितलेली ही 50 मिलिग्रॅमची 'प्रतिकारशक्तीची गोळी' आई आजतागायत रोज घेत आहेत. गोळी घेतली की कॅलेंडरवर त्या तारखेखाली पेन्सिलीने टिंब द्यायचे, हा त्यांचा नेम. मी मागचे महिने उलटून पाहिले, एकही दिवस सुटलेला नाही.

ही गोळी निराधार आहे असे मला म्हणायचे नाही. जस्त (म्हणजेच झिंक) कमी पडले तर टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, वाढ खुंटते, आणि आपल्या पोळी-डाळीतील फायटेट या घटकामुळे ते नीट शोषलेही जात नाही. मात्र प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा 40 मिलिग्रॅम मानतात. त्याहून जास्त जस्त दीर्घकाळ पोटात गेले, तर आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनीन नावाचे प्रथिन वाढते, ते तांबे धरून ठेवते आणि त्या पेशी झडल्या की तांबेही त्यांच्यासोबत बाहेर पडते. तांबे कमी पडले की रक्तक्षय होतो, न्यूट्रोफिल घटतात आणि पायांना मुंग्याही येतात, अगदी बी-12 च्या कमतरतेसारख्या. म्हणूनच सगळे खापर बी-12 वर फोडून आपण मूळ कारण सोडून तर देत नाही ना, अशी मला शंका येते. (आई तांब्याच्या लोट्यातले पाणी पितात, त्यामुळे तांबे कमी पडणारच नाही असे घरात सर्वांचे मत आहे. मला ते पटत नाही.)

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. रक्तातील तांबे, जस्त आणि सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबे वाहून नेणारे प्रथिन) एवढ्या तपासण्या पुरेशा आहेत का? संसर्गात सेरुलोप्लाझ्मिन वाढते, तेव्हा ताप उतरल्यावर किती दिवस थांबून रक्त द्यावे? फेरिटिनचेही तसेच असते, मग तापात आलेल्या 84 वर विसंबून लोहाची कमतरता नाही असे धरावे का? आईंची न्याहारी म्हणजे लिंबू पिळलेले पोहे, वर शेव-जिरावन आणि लगेच कडक चहा. लिंबाने लोह शोषायला जी मदत होते, ती चहा बहुधा घालवून टाकतो.

शेवटचा प्रश्न ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांना. केवळ झिंक थांबवून पांढऱ्या पेशी पूर्ववत झाल्या का, की तांबे वेगळे द्यावे लागले? मुंग्या पूर्ण गेल्या का? सोमवारी आम्ही रक्तविकारतज्ज्ञांकडे जाणार आहोत. कॅलेंडर आणि पट्ट्या सोबत नेणारच आहे, आणखी काय न्यावे तेही कृपया सांगावे.