डेव्हर्सला काढलं ते बरं झालं? मला मुळीच पटत नाही

वॉल्थॅमकर:
परवा निवृत्त_पंच यांनी लिहिलं की राफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमकडे पाठवणं हा आपल्या बॉस्टनच्या बेसबॉल टीमचा, रेड सॉक्सचा, गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात शहाणा निर्णय होता. वर्षाला तीन कोटी डॉलर घेणाऱ्याने 'मी तिथे उभा राहणार नाही' म्हणायचं नसतं, आणि बॉस्टनमधले आपले मराठी फॅन खेळ समजून न घेता नुसते रडतात, असंही त्यांचं म्हणणं. दोन दिवस गप्प बसलो. आज लिहितोच.

मी २००४च्या ऑगस्टमध्ये इथे आलो. ऑक्टोबरात रेड सॉक्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका, जिंकली आणि ८६ वर्षांचा दुष्काळ संपला. आमचा घरमालक साठीचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी घेऊन वडिलांच्या थडग्यावर गेला. मला तेव्हा स्ट्राइक आणि बॉल यातला फरकही कळत नव्हता, पण ही टीम म्हणजे इथल्या लोकांचं काय आहे ते त्या दिवशी कळलं.

आज आमच्या घरात तीन जर्सी आहेत. ५० नंबर, २ नंबर, ११ नंबर. मूकी बेट्स, बोगार्ट्स, डेव्हर्स. तिघंही आपल्याच फार्ममधून, म्हणजे क्लबच्या खालच्या टीम्समधून, वर आलेले, तिघांकडेही २०१८ची विजेतेपदाची अंगठी, आणि तिघंही आज दुसरीकडे. मूकी २०१८चा एमव्हीपी, म्हणजे आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. फेब्रुवारी २०२०मध्ये त्याला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना देऊन टाकला, वर त्याच्याबरोबर पाठवलेल्या डेव्हिड प्राइसचा निम्मा पगारही आपणच भरला. बदल्यात वर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. पहिले दोघं कधीच गेले. डॉजर्सनी मूकीशी १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला आणि त्याने तिथे २०२०, २०२४, २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. बोगार्ट्स २०२२च्या डिसेंबरात सॅन डिएगोला गेला. तेव्हा सांगितलं, काळजी नको, डेव्हर्स आहे. त्याला १० वर्षांचे ३१.३५ कोटी दिले आणि थर्ड बेसवर उभं राहायची जागा तुझीच म्हणाले.

आणि २०२५च्या फेब्रुवारीत ब्रेगमन या दुसऱ्या खेळाडूला आणून तो थर्ड बेस काढून घेतला. डेव्हर्स कुरकुरला, पण डीएच झाला, म्हणजे फील्डिंग न करता नुसती बॅटिंग करणारा. ग्लोव्ह ठेवून दे असं आपल्याला सांगितलं होतं, हे त्यानेच नंतर सांगितलं. मे महिन्यात फर्स्ट बेसवरच्या कासासचा गुडघा गेल्यावर तोच ग्लोव्ह परत काढ, फर्स्ट बेसवर उभा राहा म्हणाले. त्याने नाही म्हटलं आणि १५ जूनला त्याला विकला. आपल्या जुन्या वैऱ्यांना, न्यूयॉर्कच्या यांकीजना, मालिकेतल्या तिन्ही सामन्यांत हरवलं त्याच दिवशी, आणि त्या दिवशी त्याने होमरनही (क्रिकेटमधल्या सिक्सरसारखा) मारला होता. फादर्स डे होता. मुलीने मला कार्ड दिलं आणि तासाभरात फोन हातात घेऊन रडत आली.

पैसे वाचवल्याचा राग नाही. माणसाला सांगितलं एक आणि केलं एक, याचा राग आहे. वीस वर्षांचा असताना या पोराने यांकी स्टेडियमवर शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये यांकीजच्या चॅपमनचा ताशी १०३ मैलांचा बॉल भिंतीपलीकडे मारून सामना बरोबरीत आणला होता. त्याच्याशी असं वागायचं?

निवृत्त_पंच:
तुमच्या घरमालकाबद्दल आदर आहे. पण आकडे बघा. डेव्हर्स गेला त्या दिवशी टीम ३७ विजय, ३६ पराभव अशी होती. नंतर ५२-३७. जुलैत सलग दहा सामने जिंकले. २०२१नंतर पहिल्यांदा प्लेऑफ बघायला मिळाला तो डेव्हर्स नसताना.

थर्ड बेसचं म्हणाल तर इतकी वर्षं एरर्सच्या, म्हणजे फील्डिंगमधल्या चुकांच्या, यादीत हा वरच्या दोनतीनांत. ब्रेगमन २०२४चा गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे त्या जागेवरच्या सर्वोत्तम फील्डरचं बक्षीस मिळालेला. कोणता कोच डेव्हर्सला ठेवेल? आणि माझा खरा मुद्दा तुम्ही टाळलात. सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर जुलैत हाच माणूस फर्स्ट बेसवर उभा राहिला. तिथे जमलं ते इथे का जमलं नाही?

मी नऊ वर्षं पोरांच्या लीगमध्ये पंचगिरी केली. दर सीझनला एक बाप यायचाच, माझा मुलगा पिचरच, म्हणजे बॉल टाकणाराच, होणार म्हणणारा. त्या मुलाला राइट फील्डला पाठवलं की तो ग्लोव्ह आपटायचा आणि बाप गाडीत जाऊन बसायचा. बाकीची आठ पोरं बघत राहायची. त्या आठ जणांचं कोण बोलणार?

फ्रेमिंगहॅमची_मावशी:
पंचकाका, पोरांच्या लीगचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्या मुलाला कुणी दहा वर्षांचं वचन दिलं होतं का?

आणि तुम्ही दोघंही मोबदल्याबद्दल बोलतच नाही. डेव्हर्सच्या बदल्यात चार जण आले. हिक्स या पिचरने जो सामना हातात घेतला तो घालवला. हॅरिसनला वुस्टरच्या खालच्या टीममध्ये पाठवून दिलं. टिब्सला दीड महिन्यात डॉजर्सना देऊन डस्टिन मे हा पिचर घेतला, तो सप्टेंबरात जायबंदी. चौथा अजून शाळकरी वाटावा एवढा लहान. सीझनच्या शेवटी फर्स्ट बेसवर कोण होतं? दुसऱ्या टीमने सोडून दिलेला माणूस! आणि ज्या ब्रेगमनसाठी हे सगळं रामायण झालं तो जानेवारीत शिकागोच्या कब्ज टीमकडे गेला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं, याला मॅनेजमेंट म्हणतात?

मालकांनी लिव्हरपूल घेतलं, पिट्सबर्गची हॉकी टीम घेतली, गोल्फमध्ये पैसा गुंतवला. माझ्याकडून मात्र टीव्हीवर सामने बघायचे महिन्याला तीस डॉलर घेतात. चौघं फेनवेला, रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, गेलो की महिन्याचा किराणा होईल एवढे पैसे जातात. त्यापेक्षा आम्ही वुस्टरला ट्रिपल-एचे (मुख्य लीगच्या खालच्या पायरीचे) सामने बघतो. निदान पोरांना सही मिळते.

शिवाय यांकीजचा पिचर श्लिटलर. प्लेऑफच्या वाइल्ड कार्ड फेरीच्या तिसऱ्या सामन्यात आपल्याविरुद्ध आठ इनिंग टाकल्या, बारा बॅटर स्ट्राइकआउट केले, आणि आपण चार-शून्यने हरलो. कोण तो? बॉस्टनजवळच्या वॉलपोलचा! शिकला नॉर्थईस्टर्न विद्यापीठात, तिथून फेनवेला चालत जाता येतं. २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सातव्या फेरीपर्यंत तो शिल्लक होता. आपल्या अंगणातला मुलगा यांकीजनी उचलला आणि त्यानेच आपल्याला घरी बसवलं. याचं उत्तर कोण देणार?

बोरिवली_वेस्ट:
बेसबॉल मी मुलामुळे बघायला लागलो, पण ही गोष्ट वाचताना जखमेवरची खपली निघाली. मुंबई इंडियन्सने रोहित शर्माचं हेच केलं. आयपीएलच्या पाच ट्रॉफ्या, २०१३ ते २०२०. आणि १५ डिसेंबर २०२३ला एका पत्रकावर कप्तानपद काढून हार्दिकला दिलं. तोही ट्रेड करूनच आणलेला. पुढच्या सीझनला मुंबई दहावी, १४ पैकी ४ विजय. टीम स्वतःच्या माणसाला असं वागवते तेव्हा मैदानावर ते दिसतंच.

दादर_टीटी:
दिसतं काय, आपल्या लोकांनी दाखवलं! घरच्या कप्तानाला घरच्याच मैदानावर हुर्यो. टॉसच्या वेळी संजय मांजरेकरला माइकवरून लोकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मला मुंबईकर म्हणवून घ्यायची लाज वाटली. हार्दिकने काय गुन्हा केला होता? मालकांनी बोलावलं, तो आला.

बोरिवली_वेस्ट:
तुम्ही होतात का तिथे? मी होतो. १ एप्रिल २०२४, राजस्थानविरुद्ध. भारतात सुट्टीवर होतो, मुद्दाम तिकीट काढलं. रोहित पहिल्याच बॉलला गेला, २० धावांत चार आउट. माझ्या शेजारी विरारहून आलेले सत्तरीचे एक आजोबा होते. ते हार्दिकवर ओरडत नव्हते, नुसते 'रोहित, रोहित' म्हणत होते. त्याला हुर्यो म्हणायचं?

दादर_टीटी:
आणि त्याच सामन्यात खुद्द रोहितने प्रेक्षकांना हाताने गप्प करायचा प्रयत्न केला, ते तुमच्या आजोबांना दिसलं नाही वाटतं! ज्याच्यासाठी भांडताय त्यालाच ते नको होतं. तीन महिन्यांनी बार्बाडोसला वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर कुणी टाकली? १६ धावा वाचवायच्या होत्या. तेव्हा हार्दिक आपला झाला? आणि २०२५ला त्यानेच मुंबईला क्वालिफायर दोनपर्यंत नेलं. पंचकाका रेड सॉक्सबद्दल म्हणतात तेच इथेही आहे. निर्णय कडू होता, चुकीचा नव्हता.

बोरिवली_वेस्ट:
आजोबांवर जाऊ नका. वर्ल्ड कपचा कप्तान कोण होता तेही सांगा की. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये वनडेचं कप्तानपदही काढलं, चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकून सात महिने झाले नव्हते. तेव्हा निवड समितीचा अध्यक्ष कोण होता? अजित आगरकर. शिवाजी पार्कचा, आचरेकर सरांचा. आपल्याच माणसाने केलं.

दादर_टीटी:
मग आगरकरने बोरिवलीचा म्हणून रोहितला ठेवायचं होतं? मुंबईच्या क्रिकेटला असलं कधी चाललं नाही. शिवाजी पार्कवर लहानपणी शिकलेली पहिली गोष्ट ही की जागा कुणाच्या नावावर नसते.

निवृत्त_पंच:
दादर, अगदी बरोबर. मी कांगा लीग खेळलोय, भर पावसात, गुडघाभर गवतात. विकेटकीपर होतो, पाच वर्षं. सहाव्या वर्षी एका शनिवारी रात्री निरोप आला, उद्या नवा मुलगा कीपिंग करेल, तू पॉइंटला. गेलो. तोंडातून शब्द काढला नाही.

फ्रेमिंगहॅमची_मावशी:
आणि वाईट नाही वाटलं?

निवृत्त_पंच:
वाटलं. खोटं कशाला बोलू. ग्लोव्ह्ज किटमधून काढून घरी माळ्यावर टाकले. त्या सीझननंतर खेळणंही सोडलं. क्लबमधून कुणाचा फोन आला असता तर कदाचित सोडलं नसतं. नाही आला.

वॉल्थॅमकर:
काका, मग डेव्हर्सला दोष कसा देता? तुम्ही गप्प राहून खेळ सोडलात, तो बोलला. मालक जॉन हेन्री विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याच्याशी बोलले, पण कधी? त्याने नाही म्हटल्यावर. फेब्रुवारीत, ब्रेगमनची सही व्हायच्या आधी कुणी नीट बसून बोललं असतं तर? सॅन फ्रान्सिस्कोत फर्स्ट बेसवर का उभा राहिला याचं उत्तरही यातच आहे. तिथे त्याला कुणी आधी फसवलं नव्हतं. आणि तो आळशी नाही हो. १६२ सामन्यांच्या सीझनमध्ये ट्रेडमुळे वेळापत्रक सरकलं म्हणून हा १६३ सामने खेळला, ३५ होमरन.

५२-३७ मी नाकारत नाही. नवा अँथनी आला, पिचर क्रोशे होता, टीम चांगली खेळली. पण ते डेव्हर्स गेल्यामुळे झालं, एवढं मात्र माझ्याकडून वदवून घेऊ नका. तो लाइनअपमध्ये असता तर श्लिटलरपुढे शून्यावर बसलो असतो का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. आणि कृपा करून रोहितचा वेगळा धागा काढा.

बोरिवली_वेस्ट:
काढतो. पण विषय एकच आहे, हे तुम्हालाही माहीत आहे.

निवृत्त_पंच:
मूकीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, तेव्हाही होतो. त्याने ४२ कोटी मागितल्याच्या बातम्या होत्या, तरी तो द्यायला नको होता. डेव्हर्सला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं, हेही मान्य. 'नुसते रडतात' हे शब्द मागे घेतो. पण मे महिन्यात टीम अडचणीत असताना त्याने ग्लोव्ह घ्यायला हवा होता, यावरून मी हलणार नाही.

वॉल्थॅमकर:
ठीक आहे. मुलगी आता अँथनीची १९ नंबरची जर्सी मागतेय. आठ वर्षांचा करार झालाय म्हणते. मी म्हटलं, डेव्हर्सचा दहा वर्षांचा होता. मग घ्यायची की नाही, असं विचारतेय. अजून ऑर्डर दिलेली नाही.

निवृत्त_पंच:
घ्या. घरच्या मैदानावरची पांढरी घ्या, तिच्यावर नाव नसतं, नुसता नंबर.

वॉल्थॅमकर:
आधीच्या तिन्हीही पांढऱ्याच आहेत, काका. कोणती कुणाची ते घरात सगळ्यांना माहीत आहे.