अनुभव धागा: २५ तारखेनंतरचा नाताळ (लूथरन उपासना, एपिफनीपर्यंत)

केतकी_लाइपझिग (धागाकर्ती)
समोरच्या इमारतीतल्यांनी २६ ला सकाळीच झाड फुटपाथवर आणून टाकलं. ते बघून वेदीच्या कापडांचा जुना तक्ता आठवला, म्हणून हा धागा. नाताळवर गोडगोड भरपूर लिहून झालंय. इथे कामाचं लिहा: लूथरन चर्चमध्ये २४ च्या संध्याकाळपासून एपिफनीचा (६ जानेवारी, मागी लोक बाळ येशूला भेटले त्याचा सण) काळ संपेपर्यंत काय लावायचं, काय उतरवायचं, काय बिघडतं आणि का.

सुरुवात रंगांपासून करते. आगमनकाळाचा (नाताळच्या आधीचे चार रविवार) जांभळा (कुठे कुठे निळा) २४ ला दुपारच्या पहिल्या उपासनेआधी उतरतो आणि पांढरा चढतो. २६ स्तेफनाचा दिवस, लाल. २७ योहानाचा, पांढरा. २८ बेथलेहेमात मारलेल्या बाळांचा, परत लाल. अक्षरशः पाळायचं तर पाच दिवसांत चार वेळा कापड बदला. जर्मनीत २६ ला दुसरा नाताळ असतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पांढराच राहू देतात आणि मला ते बरोबर वाटतं. १ जानेवारी येशूच्या नामकरणाचा, पाठ लूक २:२१, एकच वचन! पांढरा. ६ जानेवारी एपिफनी, पांढरा. त्यानंतरचा रविवार येशूच्या बाप्तिस्म्याचा, तोही पांढरा. मग हिरवा.

वेदीवरचं तागाचं कापड घडी करून ठेवू नका. घडीची रेघ इस्त्रीने जाते, पण दरवर्षी त्याच रेघेवर ताग झिजतो आणि एक दिवस तिथेच फाटतो. पुठ्ठ्याची जाड नळी, त्यावर पांढरा टिश्यू, त्यावर कापड गुंडाळायचं. इस्त्री किंचित ओलसर असताना, उलट्या बाजूने.

शेवंता
वाचतेय. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की लिहिते.

मिनेसोटाकर
केतकीताई, तुमच्याकडे पाठांचा क्रम वेगळा. आमच्याकडे तीन वर्षांचं चक्र आहे आणि यंदा (२०२५-२६) मत्तयाचं वर्ष. त्यात एक गंमत आहे: नाताळनंतरच्या पहिल्या रविवारी (यंदा २८ डिसेंबर) मत्तय २:१३-२३, म्हणजे मिसरला पळून जाणं आणि हेरोदाची कत्तल. आणि मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) येतात ती मत्तय २:१-१२ नंतर, ६ जानेवारीला. धडा आधी आणि त्याची सुरुवात मागून. लोक गोंधळतात. वाचनाआधी वाचकाने एक वाक्य सांगायचं, "मागी लोक परत गेल्यानंतरची ही गोष्ट आहे", एवढंच. पाळक उपदेशात सांगतील असं म्हणून सोडू नका, तोवर दहा मिनिटं गेलेली असतात.

६ तारीख यंदा मंगळवारी येते. आठवड्याच्या मधल्या दिवशी उणे वीसमध्ये कोण येणार? म्हणून बरीच चर्चं एपिफनी ४ तारखेच्या रविवारी उरकतात. पण मग योहान १ चा पाठ ("प्रारंभी शब्द होता") सलग दोन-तीन वर्षंही हुकू शकतो. त्याला नाताळच्या सकाळी जागा द्या. २४ ला लूक २, २५ ला योहान १, असं वाटून दिलं की प्रश्न मिटतो.

ठोंब्या
म्हणजे पाहुणे यायच्या आधीच हेरोद तलवार घेऊन हजर? आमच्या सासूबाईंच्या मालिकेत असंच होतं, आधी बारसं मग लग्न.

केतकी_लाइपझिग
हाहा. ठोंब्या, धाग्यावर राहा.

नळीवाला
ऑर्गनबद्दल कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहितो. हवा तापली की फ्लू नळ्यांचा (शिट्टीसारख्या वाजणाऱ्या) स्वर चढतो, अंशाला साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग). चर्च आठवडाभर १० अंशांवर आणि २४ ला १८ वर आणलं, की झाला पाव सेमीटोनचा फरक. रीडच्या (आत पत्ती असलेल्या) नळ्या त्या मानाने जागच्या हलत नाहीत. त्यामुळे ट्रंपेटचा स्टॉप (रीडच्या नळ्यांचा संच) ओढून सुरू केला की तो मुख्य नळ्यांशी भांडतो. लोक म्हणतात ऑर्गन बिघडला. बिघडत काही नाही, थंड चर्चमध्ये ट्यूनिंग केलेलं असतं. उपासनेला जेवढं तापमान असणार तेवढ्यावर आणून, चार-पाच तास स्थिर ठेवून मगच ट्यूनरला बोलवायचं.

तापवणं सावकाश. तासाला एक, फार तर दीड अंश. म्हणजे आदल्या रात्री सुरू करायचं. भराभर तापवलं तर आर्द्रता ४५ टक्क्यांखाली जाते, लाकडी वाऱ्याची पेटी आकसते, फट पडते आणि एखादा स्वर दाबला नसताना वाजत राहतो. नेमका शांत प्रार्थनेत. तसं झालं तर आधी कोणत्या स्टॉपचा आहे ते स्टॉप एकेक बंद करून शोधा, तो स्टॉप त्या रात्रीपुरता वापरू नका. माणूस हाताशी असेल तर नळी उचलून बाजूला ठेवा. पट्टी ठोकत बसू नका, त्याने काही होत नाही.

चार वाजताच्या मुलांच्या उपासनेला भरगच्च गर्दी असते, माणसांची ऊब वेगळी. रात्री अकराच्या उपासनेला गर्दी कमी, स्वर परत उतरलेला. पितळी वाद्यवाल्यांना हे आधी सांगून ठेवा. ते बाहेर मनोऱ्यावर उणे पाचात वाजवून येतात तेव्हा त्यांची वाद्यं खाली गेलेली असतात, आत दहा मिनिटांत वर चढतात. आत आल्यावर लगेच सूर जुळवण्यात अर्थ नाही, आधी नुसती फुंकून गरम करू द्या.

पुणेरी_पट्टी
नळीवाले काका, मग हार्मोनियम बरी की. रीडच आहे सगळी.

नळीवाला
सुराला बरीच. पण भाता उंदीर खातात.

रांचीकर
इथे हार्मोनियमच. आणि मांदर, म्हणजे मातीचा ढोल. गॉस्नर मिशनचे (जर्मन मिशन) चौघे १८४५ मध्ये रांचीत आले, १८५५ मध्ये मोठं चर्च उभं राहिलं, १९१९ पासून मंडळी स्वतंत्र. उपासनेचा सांगाडा जर्मन लूथरन, पण गाणी हिंदी, नागपुरी (छोटानागपूरची, आपल्या नागपूरची नव्हे), मुंडारी. पहाटेच्या उपासनेला मांदरचं कातडं दवाने सैल पडतं, आवाज बसतो. आदल्या दुपारी उन्हात ठेवून रात्री चादरीत गुंडाळायचं, शेकोटीजवळ धरायचं ते लांबून. घडण मातीची असते, एका बाजूने तापली तर तडा.

शेवंता
आले. मेणबत्त्यांची उपासना हा माझा प्रांत, २४ रात्रीची.

१) पेटलेली मेणबत्ती उभीच राहते, न पेटलेली वाकवायची. हे वाक्य उपासना सुरू व्हायच्या आधी मोठ्याने सांगायचं, दिवे गेल्यावर नाही. उलटं झालं की मेण पुढच्याच्या कोटावर.
२) कागदी चकतीपेक्षा प्लास्टिकची वाटी बरी. कागदाला मेण लागलं की तोच पेटतो. चकती वातीपासून चार-पाच बोटं खाली हवी.
३) मधल्या मोठ्या पांढऱ्या मेणबत्तीवरून पाळक पेटवणार, तिथून सेवक, सेवकांनी फक्त रांगेच्या टोकाच्या माणसाची पेटवायची. रांगेत शिरायचं नाही.
४) लहान मुलांना बॅटरीची. केस मोकळे सोडलेल्यांना आधीच बांधायला सांगा, लाज वाटू देऊ नका.
५) प्रत्येक दाराशी वाळूची बादली आणि ओला टॉवेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. धुराचा अलार्म मेणबत्त्या जळताना वाजत नाही, विझवताना वाजतो. तीनशे वाती एकदम फुंकल्या की तो सगळा पांढरा धूर वर जातो. शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला मागच्या रांगांपासून विझवायला लावा, किंवा पेटत्या घेऊन बाहेर पडू द्या आणि अंगणात विझवू द्या. वारा असेल तर आपोआप विझतात.

गार्गी
शेवंताताई, गालिच्यावर मेण पडलं तर?

शेवंता
बर्फाचा तुकडा पिशवीत घालून त्यावर ठेव, कडक झालं की बोथट सुरीने खरवड. उरलेल्यावर तपकिरी कागद आणि मंद इस्त्री, कागद सरकवत राहा. लाल मेणाला इस्त्री लावू नकोस, रंग खाली उतरतो, ते खरवडूनच काढ.

क्रिपा_नव्हे_कृपा
आगमनकाळाच्या चक्राबद्दल (फांद्यांचं कडं, त्यावर दर रविवारी एकेक वाढती मेणबत्ती). योहान हिन्रिख विखर्नने १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या मुलांच्या आश्रमात लावलं तेव्हा बैलगाडीच्या चाकाएवढं होतं, रोजच्या छोट्या लाल आणि रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या. आता चारच राहिल्या. स्प्रूसच्या फांद्या वापरू नका, तापलेल्या खोलीत दहा दिवसांत सुया गळतात. नॉर्डमन फर घ्या. तरी तिसऱ्या रविवारी फांद्या बदलाच, चौथ्याला त्या सरपण झालेल्या असतात आणि मेणबत्ती बुंध्यापर्यंत आलेली असते. पहिली मेणबत्ती चार रविवार जळते, चौथी एकच. उंची समान दिसायला हवी असं समितीतल्या कुणाला दरवर्षी वाटतं. नको. तो उतारच बघायला छान दिसतो. मधली पांढरी २४ ला पेटते आणि चक्र काढलं तरी ती एपिफनीपर्यंत राहू द्यायची.

ठोंब्या
आमच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील काढायचा राहतो, त्यात नाताळ आपोआप होतो.

क्रिपा_नव्हे_कृपा
मग हेर्नहुटचा तारा बघा, टोकांचा कंदीलच. मोरावियन लोकांचा (वेगळा प्रॉटेस्टंट पंथ), पण जर्मन लूथरन चर्चांतही लटकतो. २५ टोकं: १७ चौकोनी बुडाची, ८ त्रिकोणी. जोडताना सगळे आडवे पट्टे आधी करून घ्या, त्रिकोणी शेवटी. एका चौकोनी जागी टोक नसतं, तिथून दिवा आत जातो. कागदी ताऱ्यात जुना तापणारा बल्ब घालू नका, एलईडीच. एपिफनी झाल्यावर टोकं एकात एक घालून ठेवली की बुटाच्या खोक्यात मावतं.

सुरेल_बेसूर
क्वेम्पास (जुनं नाताळगीत, आळीपाळीने गायचं) कुणी करतं का अजून? चार गट, चर्चचे चार कोपरे, कडव्याच्या चार ओळी एकेका कोपऱ्यातून. मिखाएल प्रेटोरिउसची १६०७ ची मांडणी सोपी आहे. अडचण एकच, अंतर. ४० मीटर म्हणजे आवाजाला सेकंदाचा साधारण आठवा भाग. समोरच्या कोपऱ्याचं ऐकून गायलात की प्रत्येक ओळीला मागे पडता, तिसऱ्या कडव्यापर्यंत ताल झोपतो. त्यामुळे कानाने नाही, डोळ्याने गायचं: मधे उभ्या माणसाच्या हातात छोटी बॅटरी, तिची उघडझाप बघून. मागच्याचा शेवटचा स्वर संपायच्या आधी श्वास घेतलेला हवा.

लूथरचं १५३५ चं नाताळगीत पंधरा कडव्यांचं आहे म्हणून सगळे चारच गातात. वाटून द्या ना. पहिली पाच देवदूताची, ती मुलांना, गॅलरीतून. सहावं सगळ्यांचं. मधली एकेकट्याची किंवा वाद्यांची. पंधरावं उभं राहून.

केतकी_लाइपझिग
बाखच्या नाताळ ओरेटोरिओचंही तेच वाटून देणं. सहा भाग म्हणजे सहा दिवसांच्या उपासना: १७३४ चे २५, २६, २७ डिसेंबर आणि १७३५ चे १, २, ६ जानेवारी. एका संध्याकाळी सगळं कोंबतात तेव्हा कोरसचा घसा सहाव्या भागात जातो. ट्रंपेट फक्त १, ३, ६ मध्ये. चौथ्याला हॉर्न लागतात, एफ मेजरमध्ये. बजेट कमी असेल तर चौथाच गाळला जातो, फक्त हॉर्नवाल्यांच्या मानधनापायी.

शेवंता
अवांतर: श्टोलनचं (नाताळचा बेदाण्यांचा गोड पाव) प्रमाण कुणाकडे आहे का? माझा कोरडा होतो.

गार्गी
ड्रेस्डनचं प्रमाण: १ किलो मैद्याला लोणी किमान ५०० ग्रॅम, बेदाणे ६५०, साखरेतली साल २००, बदाम १५०. लोणी कमी घातलं की कोरडाच होणार. बेदाणे आदल्या रात्री रममध्ये, आणि भाजल्यावर गरम असतानाच वितळलेलं लोणी लावून पिठीसाखर. दोन-तीन आठवडे गुंडाळून ठेव. १४९१ पर्यंत तर आगमनकाळात लोण्याला बंदीच होती सॅक्सनीत, पोपची परवानगी आणावी लागली. तेव्हा तेलातला खात होते बिचारे.

मिनेसोटाकर
हिरव्या रविवारांचा हिशेब राहिला. बाप्तिस्म्याचा रविवार यंदा ११ जानेवारी. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात) १८ फेब्रुवारी, म्हणून रूपांतराचा रविवार (त्याआधीचा शेवटचा) १५ फेब्रुवारी, पांढरा. मधे हिरवे चार: १८, २५, १, ८. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, त्यामुळे हिरवे तीनच आणि रूपांतर ७ फेब्रुवारी. कोरसच्या नोटा वाटण्याआधी हे मोजा. डोंगरावरच्या उपदेशाचे पाठ (मत्तय ५) हिरव्या रविवारांच्या शेवटी येतात आणि ईस्टर लवकर असलं की तेच कापले जातात.

आगमनकाळात गाळलेलं ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं स्तुतिगीत) २४ ला परत येतं, ते रूपांतरापर्यंत. आलेलुया मात्र आगमनात गाळत नाहीत. दरवर्षी कुणीतरी दोन्ही गाळतं.

क्रिपा_नव्हे_कृपा
गव्हाणीच्या देखाव्यात मागी लोक २४ लाच ठेवू नका. मागच्या खिडकीत ठेवायचे, दर रविवारी दोन-तीन बाक पुढे, ६ ला पोचतील. मुलं त्यांना शोधायला येतात, तेवढंच मुलं वेळेवर येतात. उंट जड असतात, बाकावर ठेवू नका, पडून मान मोडते.

गार्गी
एपिफनीला घराच्या आशीर्वादासाठी दारावर खडूने लिहायचं ते कसं? २०+सी+एम+बी+२६ ना? आमचं दार स्टीलचं आहे, खडू उठतच नाही.

रांचीकर
चौकटीवर लिही. चौकटही रंगवलेली असेल तर मास्किंग टेपची पट्टी लाव, तिच्यावर खडू छान उठतो. काढताना रंगही निघत नाही.

गार्गी
टेप सोसायटीवाले काढतील.

रांचीकर
मग आतल्या बाजूने.