२००८ स्विफ्ट १.३ पेट्रोल: टर्बो न लावता ८७ चे ११० बीएचपी होतील का?

हायवे_६५

गाडी स्विफ्ट १.३ पेट्रोल, जी१३बीबी इंजिन, एमएच-१३ पासिंग, आरसी रिन्यू केलेली. ८८ हजार किमी, इंजिन कधी उघडलेलं नाही. वापर सोलापूर-पुणे हायवे आणि अधूनमधून तुळजापूर घाट. टर्बो नको, कारण बजेट सगळं मिळून ८० हजार आहे आणि गाडी रोज लागते.

१. कोन फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सरने खरंच किती फरक पडतो?
२. एमआयडीसीतले एक लेथवाले हेड (सिलेंडरवरचा व्हॉल्व्हचा भाग) १ मिमी फेसिंग करून, म्हणजे घासून, आणि आहे तोच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ग्राइंड करून द्यायला तयार आहेत. करावं का?
३. आता सगळीकडे ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं). त्यावर ट्यूनिंग कसं धरायचं?

टार्गेट ११० बीएचपी.

टॅपेट

आधी हिशोब बघा मालक, मग पार्ट.

बीएचपी म्हणजे इंजिनची ताकद: टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) भागिले ७१२१ (टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये). तुमच्या इंजिनचे ८७ बीएचपी ६००० आरपीएमला येतात, म्हणजे तिथं टॉर्क आहे साधारण १०३. कंपनीचा कमाल टॉर्क ११३, तोही ४५०० ला. टर्बो हवा कोंबून टॉर्कच वाढवतो. बिगर-टर्बोत तो मार्ग बंद. १२९८ सीसीत हवा मावते तेवढीच मावते, त्यामुळे टॉर्क वरच्या आरपीएमपर्यंत टिकवून धरणं एवढंच आपल्या हातात उरतं.

१०३ न्यूटन-मीटर कायम ठेवून ११० बीएचपी काढायचे तर इंजिन ७६०० ला फिरवावं लागेल. स्ट्रोक ७५.५ मिमी, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटरच्या वर जातो. ६००० ला तो १५ आहे. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ७५०० म्हणजे ताण ३३ टक्के जास्त. ८८ हजार किमी चाललेल्या मूळ बोल्टवर हे करू नका.

उलट ६६०० पर्यंत थांबून तिथं १०६ न्यूटन-मीटर टिकवले तर ९८ बीएचपी होतात. रोजच्या गाडीसाठी ९५ ते १०० हे खरं टार्गेट. ११० साठी पिस्टन, रॉड बोल्ट, कॅम, स्प्रिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळंच बदलावं लागतं, आणि ते ८० हजारांत बसत नाही.

आणखी एक. गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास. ५० किलो कमी केले की पिकअपला साधारण ४ बीएचपी वाढल्यासारखा फरक पडतो. डिकीतला सबवूफर, अॅम्प्लिफायर आणि १६ इंची जड अलॉय असतील तर ते आधी उतरवा. लोक पाच बीएचपीसाठी हेड उघडतात आणि तीस किलोचा डबा मागं वाहत राहतात!

गरम_हवा

कोन फिल्टरबद्दल. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे, म्हणजे हवेचा दाब मुळातच पाचेक टक्के कमी. त्यात एप्रिल-मे मध्ये ४० च्या वर पारा. दोन्ही मिळून कंपनीच्या ८७ पैकी सात-आठ टक्के इथं आधीच गेलेले असतात. अशा गावात बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावणं म्हणजे पैसे देऊन ताकद विकणं. ट्रॅफिकमध्ये बॉनेटखालची हवा सहज ६५ अंशांवर जाते. बाहेरची ४० अंशांची हवा सोडून ती ओढली की घनता सात टक्के उतरते. सगळा तोटा चाकापर्यंत पोचत नाही, कारण हवा पोर्टमध्ये तशीही थोडी तापतेच. पण तीन-चार टक्के नक्की जातात आणि नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून इंजिन खडखडण्याची) शक्यता वाढते ती वेगळीच. आवाज मोठा येतो म्हणून गाडी पळते असं वाटतं, इतकंच.

त्यामुळे मूळ एअरबॉक्स ठेवा. त्याची तोंडाची नळी ग्रिलच्या मागं, रेडिएटरच्या बाजूला आणा, पंख्याच्या मागं नको. तोंड खाली किंवा बाजूला, पावसाचं पाणी सरळ आत जाईल असं नको. फिल्टर साधा कागदीच घ्या आणि आपल्याकडच्या धुळीत तो लवकर बदला. तेल लावायच्या कापडी फिल्टरवर तेल जास्त झालं की ते थ्रॉटल बॉडीत आणि सेन्सरवर बसतं.

कुठलाही पार्ट घेण्याआधी इंजिनची आजची अवस्था मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी फुल चार्ज, मग कॉम्प्रेशन टेस्ट. चार सिलेंडरमध्ये १ किलो प्रति चौ. सेंमी पेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग गेली, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. पुढं टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट), टायमिंग बेल्टच्या खुणा, फ्युएल प्रेशर, थ्रॉटल बॉडीची सफाई, आणि ब्रेक चिकटतात का ते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलेलं असेल तर आत क्षार बसलेलाच असणार. तो साफ करून तयार कूलंट भरा. पंधरा वर्षं जुन्या गाडीत हरवलेले पाच-सहा बीएचपी बहुतेक वेळा इथंच सापडतात.

फोर_टू_वन

एक्झॉस्टवर थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसे इथंच वाया जातात.

नुसता शेवटचा डबा बदलून आवाज बदलतो, बीएचपी एखाद-दोन. खरा अडथळा मॅनिफोल्डमध्ये आणि दाबून वाकवलेल्या पाइपमध्ये असतो. वळणावर पाइप चपटा झाला की २ इंची पाइपसुद्धा आतून दीड इंची होतो. त्यामुळे मँड्रेल बेंडच (वळणावर न चेपता वाकवलेला पाइप) घ्या, किंवा तयार वळणं आणून वेल्ड करा. १.३ साठी मुख्य पाइप पावणेदोन इंच, फार तर २. अडीच इंची लावला की वायूचा वेग पडतो आणि २००० ते ३५०० मधला टॉर्क जातो. घाटात तोच तर लागतो की वो.

हेडर (हेडमधून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्या) ४-२-१ घ्या, म्हणजे चाराच्या दोन आणि दोनाची एक नळी; थेट चाराची एक, म्हणजे ४-१ नको. ४-१ वरच्या आरपीएमला थोडा जास्त देतो, पण मधला भाग पोकळ करतो. लांबीसाठी जुनं ठोकताळ्याचं सूत्र: ८५० गुणिले (१८० + एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सर्वांत खाली असतो त्या जागेच्या) किती अंश आधी उघडतो), भागिले आरपीएम, वजा ३, उत्तर इंचात. समजा व्हॉल्व्ह ५० अंश आधी उघडतो आणि आपल्याला ६००० वर भर हवा आहे, तर २९.६ इंच. ४-२-१ मध्ये त्यातले १५ इंच पहिल्या चार नळ्यांना आणि उरलेले पुढच्या दोन नळ्यांना. चारही नळ्या दीड-दोन सेंमीच्या फरकात असल्या तरी चालतं, त्यासाठी जीव काढू नका.

कुठं बिघडतं ते सांगतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी वेल्डमध्ये सुईएवढं जरी भोक राहिलं तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. अॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात आणि दोष मात्र इंजेक्टरला जातो. सेन्सर सगळ्या नळ्या एकत्र येतात त्याच्या लगेच पुढं, आणि आडव्यापेक्षा थोडा वर तिरपा बसवा, म्हणजे पाणी साचून तो तडकत नाही. हेडरला उष्णतारोधक पट्टी किंवा पत्रा हवाच, नाहीतर वर सांगितलेली थंड हवा पुन्हा तापते.

कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू नका. पीयूसीत अडकाल, आणि ठीकठाक असलेला कॅट या ताकदीला दोन-तीन बीएचपीपेक्षा जास्त खात नाही.

टॅपेट

कॅटबद्दल सहमत. कायद्याचंही एकदा वाचून ठेवा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिनच बदलायचं तर आरटीओची मंजुरी. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो, ते वेगळं.

हायवे_६५

सगळ्यांचे आभार. टार्गेट ९८ वर आणलं, सबवूफर उतरवतो. पण हेड आणि कॅमचं उत्तर राहिलं. आणि ई२०?

बेस_सर्कल

हेड १ मिमी घासायचं नाही. बोअर ७४ मिमी, म्हणजे एका सिलेंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वर-खाली होतो ती जागा) ३२४.७ सीसी. समजा तुमचा चेंबर, गॅस्केट आणि पिस्टनवरची मोकळी जागा मिळून ४०.६ सीसी आहे, तर कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ९. अर्धा मिमी घासलं की जास्तीत जास्त २.१ सीसी कमी होतात (चेंबरचं तोंड बोअरपेक्षा लहान असेल तर त्याहूनही कमी), रेशो ९.४ च्या आसपास. एक मिमीला जवळजवळ १०. ऐकायला छान वाटतं, पण हेड पुन्हा कधी वाकलं तर घासायला जागा उरत नाही, आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या तेवढेच जवळ येतात. एका पूर्ण अंकाने टॉर्क वाढतो तीनेक टक्के. त्यासाठी अर्ध्या मिमीवर थांबलेलं शहाणपणाचं. अंदाजाने काही करू नका: हेड उलटं ठेवून, व्हॉल्व्ह बसवून, वर भोक पाडलेला अॅक्रिलिकचा तुकडा ग्रीसने चिकटवा आणि बुरेटने रॉकेल सोडून चारही चेंबर मोजा. अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो बरोबरीत आणा.

हेड खाली आलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर घटतं आणि कॅम किंचित मागं पडतो. अॅडजस्टेबल कॅम पुली त्यासाठीच असते.

पोर्ट मोठे करू नका. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेड यांची तोंडं जुळवा, व्हॉल्व्ह गाइडजवळचा आणि सीटखालचा कास्टिंगचा खडबडीतपणा काढा, बस. इनटेक बाजू ८० ग्रिटवर सोडा. आरशासारखी घासली की थंड इंजिनमध्ये पेट्रोल भिंतीवर ओघळतं. एक्झॉस्ट गुळगुळीत चालेल. खरा फायदा व्हॉल्व्ह सीट ३०-४५-६० अशा तीन कोनांत कापून घेण्यात आहे. त्याचे पैसे वाचवू नका.

आता कॅम. गंमत बघा, कॅमशाफ्ट आपल्याच गावात बनतात. प्रिसिजनचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, आणि मोठमोठ्या कार कंपन्यांना माल जातो. पण तो कारखाना तुमच्या एका कॅमसाठी नाही, आणि साध्या लेथवर कॅम ग्राइंड होतही नाही. त्याला कॅम ग्राइंडिंग मशीन आणि नेमका मास्टर प्रोफाइल लागतो. हाताने किंवा नजरेने काढलेल्या लोबला (कॅमवरच्या उंचवट्याला) चढ-उताराचा हिशोब नसतो. व्हॉल्व्ह वरच्या आरपीएमला उडतो आणि सीटवर आपटतो.

रीग्राइंडमध्ये नाकावर धातू चढत नाही, खालचं बेस सर्कल (लोबचा गोल भाग) लहान करून लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) वाढवतात. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅमला वरचा ठरावीक थरच कठीण असतो. तो थर घासून गेला की काही हजार किमीत लोबवर खड्डे पडतात आणि तो चुरा ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातो. म्हणून प्रोफाइल, अंश आणि लिफ्ट लिहून देणाऱ्याकडूनच घ्या. रोजच्या गाडीला २५६ ते २६४ अंशांचा कॅम पुरे (विकणारा सांगतो तो, व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा कोन). २८० च्या वर गेलात की आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) वाचणाऱ्या ईसीयूला वाटतं इंजिनवर लोड आलंय, आणि तो पेट्रोल वाढवतो. आयडल अडखळतो, पीयूसीला सीओ वर जातो.

बसवल्यावर पिस्टनवर मऊ माती ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, हेड उघडा, माती कापून जाडी मोजा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी मोकळं हवंच. स्प्रिंग पूर्ण लिफ्टला घट्ट बसायच्या आधी १ मिमी तरी शिल्लक राहिली पाहिजे.

गरम_हवा

ई२० वर माझ्याकडून. इथेनॉल आपल्याच उसाचं, तक्रार कुणाकडे करायची! शुद्ध पेट्रोलला १४.७ : १ हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच हवेत आठेक टक्के जास्त इंधन. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते भरून काढतो. पाय पूर्ण दाबला की जुना ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या नकाशावर चालतो, आणि मिश्रण पातळ पडू शकतं. म्हणून पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडायचा) किंवा स्टँडअलोन (त्याच्या जागी लावायचा) ईसीयूच्या आधी वाइडबँड सेन्सर (मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) घ्या आणि मीटरवर हवा-इंधन प्रमाण नव्हे, लॅम्डा लावा (१ म्हणजे हवा नेमकी, कमी म्हणजे इंधन जास्त). लॅम्डाचा आकडा इंधन बदललं तरी तोच अर्थ सांगतो. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.९० ठेवा. इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे राहत असतील तर ते कमी पडतायत. ते मोठे करा, नुसतं प्रेशर वाढवत बसू नका.

चांगली बाजू ही की इथेनॉल नॉकिंग रोखतो, त्यामुळे ९.४ रेशोला अडचण नाही. इग्निशन एकेक अंशाने पुढं न्या. दोन अंश वाढवून ताकद वाढली नाही तर मागं या. हे काम दुपारच्या उन्हात करा. जानेवारीच्या पहाटे बरोबर वाटलेलं ट्यूनिंग मे महिन्यात खडखडतं. पंधरा वर्षांच्या गाडीत फ्युएल लाइनचे रबरी तुकडे आणि ओ-रिंग इथेनॉलला चालणारे टाका.

डायनो (ताकद मोजायचं यंत्र) नसेल तर सपाट, रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ६००० किती सेकंदांत जाते ते ओबीडीवरून (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टवरून) रेकॉर्ड करा, दोन्ही दिशांनी, टाकी आणि माणसं तेवढीच ठेवून. दुसऱ्या गिअरमुळे वेग ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपासच राहतो. वेळ पाच टक्के कमी झाला तर ताकद साधारण तेवढीच वाढली समजा.

बेस_सर्कल

नवा कॅम असेल तर एक राहिलं. लोबला असेंब्ली ल्यूब लावा आणि पहिल्या स्टार्टला आयडलवर सोडू नका, वीस मिनिटं २००० ते २५०० मध्ये वर-खाली फिरवत ठेवा. आयडलला लोबवर तेल कमी उडतं आणि नवा पृष्ठभाग तिथंच खरचटतो. म्हणून स्टार्टर मारायच्या आधी टायमिंग, पेट्रोल, कूलंट सगळं तपासून घ्या, मधे बंद पडायला नको. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि हजार किमीला टॅपेट पुन्हा सेट करा. नव्याने कापलेल्या सीटमध्ये व्हॉल्व्ह थोडा आत बसतो आणि क्लिअरन्स कमी होतो. आवाज येत नाही म्हणून ते राहून जातं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.