शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याने सभेत नेमके काय पाहावे?

प्रश्न (पालक, सातारा जिल्हा)
गेल्या महिन्यात आमच्या गावातील प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून माझी निवड झाली. पहिल्याच सभेत इतिवृत्ताची वही पुढे आली, तेव्हा वर तारीख होती, खाली सह्या होत्या आणि मधले पान कोरे होते. ‘ठराव नंतर लिहू’ असे सांगण्यात आले. सर्वांनी सही केली म्हणून मीही केली, पण ते कोरे पान मनातून जात नाही. या समितीला खरोखर काही अधिकार आहेत का?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक)
ताई, अधिकार आहेत आणि ते कायद्यानेच दिलेले आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे आहेत. (खासगी अनुदानित शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीची भूमिका केवळ सल्लागाराची राहिली, याची मला आजही खंत वाटते.) यातला आराखडा सर्वांत दुर्लक्षित राहतो. कलम २२ प्रमाणे पुढील अनुदानाचा आधार तोच असल्याने, गळके छप्पर किंवा मुलींचे मोडके स्वच्छतागृह त्यात नोंदवलेच नसेल, तर पंचायत समितीकडे मागणी कशाच्या बळावर करणार? मी स्वतः सदस्य-सचिव असताना खर्चाची पावती कोणी मागितली की आधी मनाला लागायचे. पण पुढे चौकशी झाली, तेव्हा समितीने तपासलेल्या त्या पावत्यांनीच मला तारले.

उत्तर (पालक, बीड जिल्हा)
आमच्याकडे सुरुवात पोषण आहारापासून झाली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, म्हणजे ६२ मुले हजर असतील तर ६ किलो २०० ग्रॅम तांदूळ शिजायला हवा. स्वयंपाकी मावशी मात्र पत्र्याच्या डब्याने अंदाजे तांदूळ घेत. तो डबा आम्ही काट्यावर ठेवला आणि तो समजुतीपेक्षा बराच लहान निघाला. कोणावरही ठपका न ठेवता वर्गणी काढून वजनकाटा आणला, आणि आता रोजचे वजन व हजेरी शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली जाते. मुलेच ती बेरीज पडताळतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर
आपणा दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. पुढची सभा येत्या शनिवारी आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हा पहिला विषय घ्यावा आणि अनुदानाच्या खर्चाच्या पावत्या सभेपुढे ठेवाव्यात, असा अर्ज आज मुख्याध्यापकांकडे देऊन त्याची पोच घेतली आहे.