हापूसच्या मेसेजवर सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

ए-३०४: नमस्कार मंडळी. सकाळचा मेसेज परत टाकते आहे, कुणाचं लक्ष गेलं नसेल म्हणून. "कोकणच्या लाल मातीत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर वाढलेला, अवीट गोडीचा, अस्सल, नैसर्गिक देवगड हापूस! तीन पिढ्यांची परंपरा आता थेट तुमच्या दारी! पेट्या मर्यादित! त्वरा करा! दरासाठी पर्सनलवर मेसेज करा." माझ्या दिरांची बाग आहे. यंदा दलालाकडे न देता थेट घरोघरी द्यायचं ठरवलंय.

बी-१०२: वहिनी, दर काय?

सी-५०१: पेटी किती डझनाची?

बी-६०३: फळ केवढं आहे? मागच्या वर्षी एकाकडून पाच डझनाची पेटी घेतली होती. फळं इतकी बारीक की वाटीभर रसाला चार आंबे लागले.

ए-७०२: तयार आहे की कच्चा? आमच्याकडे येत्या शनिवारी पाहुणे आहेत.

अॅडमिन: विक्रीचा मेसेज आठवड्यातून एकदाच, हा नियम सगळ्यांना माहीत आहे. आज चर्चा चालू राहू द्या, पण पुढच्या वेळी एकाच मेसेजमध्ये सगळं यावं.

डी-२०१: ताई, मी बरीच वर्षं दुकानात गिऱ्हाईक सांभाळलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वरचे चार प्रश्न बघा. दर, डझन, फळाचा आकार, तयार की कच्चा. माती, वारा, परंपरा यांबद्दल कुणी विचारलं नाही. म्हणजे तुमचा मेसेज या चौघांनी तुम्हाला लिहूनच दिलाय, फक्त उत्तरं भरायची आहेत.

दुसरं, 'अस्सल' आणि 'नैसर्गिक'. हातगाडीवरच्या पुठ्ठ्यावरही 'अस्सल देवगड'च लिहिलेलं असतं, मग खोक्यात कर्नाटकचा माल का असेना. आपल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क, मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. घेणाऱ्याच्या मनात शंका असते ती नेमकी हीच, की माल खरंच तिथला आहे का. तेव्हा विशेषण काढा आणि गावाचं नाव लिहा, बाग कुणाची ते लिहा, झाडावरच्या फळाचा एक फोटो टाका. 'नैसर्गिक'च्या जागी आंबा कसा पिकवता ते सांगा. फळं झटपट पिकवायच्या कार्बाइडवर बंदी आहे, तरी लोकांना तीच धास्ती असते.

तिसरं, दर लपवू नका. "पर्सनलवर विचारा" वाचलं की माणूस धरून चालतो की महाग असणार, आणि विचारायला संकोचतो. इथे ग्रुपवर दर असला की सगळ्यांना एकच भाव, हेही आपोआप कळतं.

ए-३०४: काका, दर उघड लिहिला तर दुसरा कुणी पन्नास रुपये कमी करून टाकेल ना?

डी-२०१: टाकू दे. त्याच्या फळाचं वजन किती, खराब निघालं तर तो काय करणार, हे त्यालाही लिहावं लागेल. नुसत्या डझनाच्या भावाची तुलना होऊच शकत नाही. १८० ग्रॅमचा आंबा आणि २८० ग्रॅमचा आंबा, दोन्ही डझनानेच विकतात.

सी-५०१: फळ देवगडचंच आहे का ते तपासायला त्यावर कोड असलेला स्टिकर येतो ना आता? तो आहे का?

ए-३०४: दिरांना विचारलं. आमच्या फळावर स्टिकर नाही.

डी-२०१: मग स्टिकरचा विषय मेसेजमध्ये आणू नका, कुणी विचारलं तर आत्ता सांगितलं तसंच सरळ सांगा.

बी-१०२: "शंभर टक्के सेंद्रिय" लिहा वहिनी, लगेच खपतील.

ए-३०४: नाही भाऊ, ते नाही लिहिणार. मोहोरावर तुडतुडे येतात, तेव्हा फवारणी करावीच लागते. माझ्या शेजारच्या मुलांना देणार आहे मी ते आंबे.

बी-६०३: साका निघाला तर? वरून फळ देखणं आणि कापल्यावर आत पांढरं, असं दरवर्षी एखादं असतंच.

ए-३०४: ते बाहेरून आम्हालाही कळत नाही. दीर म्हणाले, फोटो पाठवला तर तेवढे पैसे परत. फळ पाठवायला सांगणार नाही.

डी-२०१: हे वाक्य मेसेजमध्ये हवंच. आंबा घेताना माणूस अडतो तो इथेच. आणि दर पहिल्या दोन-तीन ओळींत घ्या. लांब मेसेज मोबाइलवर अर्धाच दिसतो, पुढचा उघडायचे कष्ट फार थोडे घेतात.

ए-३०४: हे बघा, नव्याने लिहिलं.

"देवगड तालुक्यातला हापूस, दिरांच्या बागेतला. रविवारी सकाळी १० ते १२, गेटजवळ.
मोठा (२५० ते ३०० ग्रॅम): १२०० रुपये डझन. मध्यम (२०० ते २५० ग्रॅम): ९०० रुपये डझन. खोकं एक डझनाचं, गेटपर्यंत आणून देणं धरून हाच दर.
आंबा कच्चा येईल, चार-पाच दिवसांत पिकेल. कार्बाइड नाही, गवतात पिकवायचा आहे, गवत खोक्यातच असेल. पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवू नका, रोज एकदा बघून तयार झालेला बाजूला काढा.
एखादं फळ साक्याचं किंवा नासकं निघालं तर फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत.
शुक्रवारी रात्री ९ पर्यंत फ्लॅट नंबर, आकार आणि किती डझन एवढं इथेच लिहा. पैसे आंबे बघून द्या."

सी-५०१: आता विचारायला काही उरलं नाही. मध्यम १ डझन.

डी-२०१: छान झालं ताई. एकच सुचवतो, "पैसे आंबे बघून द्या" वर घ्या, दराच्या लगेच खाली. अनोळखी माणसाला तेवढ्यावर धीर येतो. आणि हाच मेसेज तुमच्या बहिणीच्या सोसायटीत टाकाल तेव्हा गेट आणि वेळ बदला, नाहीतर तिकडचे लोक गोंधळतील.

ए-३०४: बदलते काका. तिच्याकडे गाडी दुपारी पोचेल, तिथे ४ ते ६ लिहिते.

बी-६०३: मोठा २ डझन. वजनकाटा आणणार का गेटवर?

ए-३०४: हो, आणते. समोरच मोजून घ्या.

ए-७०२: शनिवारच्या पाहुण्यांना जमणार नाही हे कळलं, त्यांच्यासाठी बाजारातून तयार आणतो. अक्षय्य तृतीया पुढच्या शुक्रवारी आहे, तोवर होईल ना तयार? मोठा १ डझन लिहा.

ए-३०४: रविवारचा आंबा शुक्रवारपर्यंत तयार होतो. तरी तुमच्या खोक्यात जरा पुढे गेलेली फळं घालायला सांगते. लिहून घेतलं.