एकरकमी मानधन घेतलेल्या पुस्तकाचं ऑडिओबुक निघालं. माझा काही हक्क उरतो का?

कृष्णाकाठ:
२००९ साली माझा कथासंग्रह निघाला. हजार प्रती, किंमत १५० रुपये. प्रकाशकांनी एकरकमी १२,००० दिले आणि कागदावर सही घेतली, 'सर्व हक्क प्रकाशकाकडे'. मुलीची फी भरायची होती, मी सही केली. गेल्या महिन्यात भाचीचा फोन, "मावशी, तुझ्या कथा ऐकतेय!" मला पत्ताच नाही. प्रकाशकांना विचारलं तर म्हणाले, हक्क आमचे. पहाटे चारला उठून आठ वर्षं लिहिलेल्या कथा आहेत त्या. माझं खरंच काही उरलं नाही? आणि नव्या संग्रहाला एकरकमी घेऊ की रॉयल्टी, म्हणजे खपलेल्या प्रत्येक प्रतीमागे टक्केवारी?

वाचनवेडा वकील:
ताई, त्या कागदावर मुदत लिहिलीय का? नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९(५) बघा. मुदत न लिहिलेलं हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात. म्हणजे २०१४ सालीच हक्क तुमच्याकडे परत आले. 'कायमस्वरूपी' असा शब्द असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मूळ कागद आधी वकिलाला दाखवा. नव्या करारात ऑडिओ वेगळा लिहून घ्या. २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणाचे हक्क दिले तरी रॉयल्टीतला समान वाटा लेखकाचाच राहतो.

खिळेजोडणी:
किमतीच्या दहा टक्के रॉयल्टीने हिशोब करा. हजारच्या हजार प्रती खपल्या तर १५,०००, तेही दोन-चार वर्षांत थोडे थोडे. म्हणून हातात येणारे १२,००० बरे वाटतात. पुस्तक पडून राहिलं तर तोटा प्रकाशकाचा. पण दुसरी आवृत्ती निघाली, ऑडिओ निघालं, की ती सगळी कमाई आपण आधीच विकून बसलेलो असतो. मी म्हणेन, थोडी आगाऊ रक्कम घ्या आणि वर रॉयल्टी.
लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०१० अखेर संपला. मृत्यूनंतरची ही साठ वर्षं आज लिहिणाऱ्याच्या घरात एक रुपया आणत नाहीत. पाच वर्षांचं ते कलम आणतं, आणि नेमकं तेच लेखकांना कुणी सांगत नाही.

कृष्णाकाठ:
ट्रंकेतून कागद काढला. चार ओळी आणि माझी सही, मुदत कुठेच नाही. सोमवारी झेरॉक्स घेऊन वकिलांकडे जातेय.